मलावरोध, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि शेतकऱ्याचें ताट

शेतकीला वाहिलेल्या मासिकांत मनुष्याच्या कोठ्याची चर्चा कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस माझें इतकेंच विचारणें आहे कीं, सकाळीं उठून गोठ्यांत गेल्यावर आपण प्रथम काय पाहतों? जनावराचें शेण पाहतों. तें कोरडें, खड्यांसारखें पडलें असेल तर वैरणींत काय चुकलें याचा विचार तेथेंच उभ्या उभ्या करतों. नुसता पेंढा कमी करून हिरवा चारा घालतों, पाणी पाजतों, आणि तरीही सुधारणा दिसली नाहीं तर पशुवैद्यास निरोप पाठवतों. शेणाविषयीं बोलण्यास कोणाही शेतकऱ्यास संकोच वाटत नाहीं. मात्र तोच शेतकरी स्वतःच्या पोटाविषयीं महिनेच्या महिने मौन धरतो, आणि तें मौन मोडतो तेव्हां चूर्णाच्या पुडीसाठीं, किंवा कोणा ओळखीच्या गृहस्थाच्या पेटींतील साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांसाठीं. ह्या मौनाचा आणि ह्या गोळ्यांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम मलावरोध कशास म्हणावें हें ठरवूं. रोज एकदां शौचास झालेंच पाहिजे, न झाल्यास शरीरांत विष सांचतें, ही समजूत फार पसरलेली आहे; पण ती खरी नाहीं. दिवसांतून तीन वेळां जाणारा आणि आठवड्यांतून तीन वेळां जाणारा, दोघेही निरोगी असूं शकतात. आठवड्यांतून तीनपेक्षां कमी वेळां होणें, पुष्कळ कुंथावें लागणें, मळ खड्यांसारखा पडणें, किंवा जाऊन आल्यावरही पोट मोकळें न वाटणें, हीं मलावरोधाचीं खरीं लक्षणें. कारण समजण्यासही कठीण नाहीं. मोठें आंतडें हें पाणी शोषणारें आहे. अन्नाचा शेष तेथें जितका अधिक काळ रेंगाळतो तितका तो सुकतो. धान्याचा कोंडा, भाजीचे तंतू, फळांचा गीर, ज्यास आपण चोथा म्हणतों, तो पचत नाहीं. परंतु तोच पाणी धरून ठेवतो, मळास आकार व मऊपणा देतो आणि आंतड्यास तो पुढें ढकलण्यास आधार देतो. शेणखत घातलेली जमीन ओल धरते आणि नुसती वाळू धरत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे.

आतां आपल्या पनवेलकडील ताटाकडे पाहूं. तालुक्याचें मुख्य पीक भात. पूर्वीं तें उखळांत सडलें जाई, आणि हातसडीच्या तांदुळावर कोंड्याचा पातळ पापुद्रा राही. वरकस जमिनींत नाचणी आणि वरी होई. भात निघाल्यावर खाचरांतील ओलीवर वाल पेरला जाई. पावसाळ्यांत टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळ ह्या रानभाज्या विकत न घेतां घरांत येत. गिरणी आली, तांदूळ पांढरा शुभ्र झाला. वरकसावर भूखंड पडले, नाचणी आजारी माणसाच्या पेजेपुरती उरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम पांढऱ्या तांदुळांत चोथा सुमारे ३ ग्रॅम भरतो, तर तेवढ्याच नाचणींत सुमारे ११ ग्रॅम आणि ज्वारींत सुमारे १० ग्रॅम. मनुष्यास दिवसाकाठीं साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. मासळी हें आपल्या खाडीकांठचें उत्तम अन्न आहे, तिच्या पौष्टिकपणाविषयीं वाद नाहीं. पण तिच्यांत चोथा मुळींच नाहीं. पांढरा भात आणि मासळीचें कालवण एवढ्यावरच दोन्ही वेळां ताट संपलें तर तें कितीही रुचकर असलें तरी कोठ्याच्या दृष्टीनें रिकामेंच.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. डेनिस बर्किट नांवाचे आयरिश शस्त्रवैद्य कित्येक वर्षें आफ्रिकेंत युगांडा देशांत होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं असें दाखवून दिलें कीं, भरड धान्य व कंद खाणाऱ्या आफ्रिकन खेडुतांच्या मानानें ब्रिटनमधील लोकांच्या अन्नास शरीराबाहेर पडण्यास पुष्कळ अधिक वेळ लागतो, आणि त्यांच्या मळाचें वजनही पुष्कळ कमी भरतें. सुधारलेल्या देशांनीं कोंडा टाकून दिला व मागाहून तो डब्यांत भरून विकत घेतला. आपणही त्याच वाटेनें चाललों आहों.

ताटानंतर पायांचा विचार. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं ठरल्या. त्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठीं १९८४ सालीं जासईच्या लढ्यांत शेतकऱ्यांचें रक्त सांडलें, हें वाचकांस सांगणें नको. ऑक्टोबर २०२५ मध्यें विमानतळाचें उद्घाटनही झालें. ह्या घडामोडींचा हिशेब पैशांत पुष्कळदां मांडला गेला. शरीरांत कोणी मांडला नाहीं. ज्याचा बाप बांधावरून दिवसाला दोन कोस सहज चालत असे, तो मुलगा आज अंगणांतून थेट मोटारींत बसतो. ज्याची शेती अजून शिल्लक आहे तोही बांधावर जाण्याऐवजीं मजुरास दूरध्वनि करतो. चालण्यानें आंतड्याची हालचाल वाढते. बसून राहिल्यानें ती मंदावते. त्यांत नव्या घरांतून खुर्चीसारखीं शौचपात्रें आलीं. उकिडवें बसण्यानें मलमार्गाचा बांक सरळ होतो व कुंथावें लागत नाहीं. खुर्चीवर बसण्यानें तो बांक तसाच राहतो. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांस तीं पात्रें सोयीचीं आहेत हें खरें. पण मग पायांखालीं वीतभर उंच पाट घ्यावा, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात.

तिसरें कारण वेग दाबणें हें होय. जेवल्यानंतर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, मोठें आंतडें आपोआप चळतें. हा निसर्गाचा निरोप आहे. तो वारंवार परतवला कीं पुढें पुढें तो येईनासा होतो. चरकसंहितेंत मलमूत्रादि वेग न अडविण्यासंबंधीं स्वतंत्र अध्यायच आहे. हा नियम पुरुष आळसानें मोडतात; स्त्रियांस तो नाइलाजानें मोडावा लागतो. घरीं शौचकूप नव्हते तोंवर आपल्या आयाबहिणींस पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहावी लागे. २०१४ सालापासून स्वच्छ भारत मोहिमेंत घरोघरीं शौचकूप झाले, हें मोठेंच काम झालें. परंतु शेतावर, बाजारांत, भाजीची पाटी घेऊन बसण्याच्या जागीं आज कोणती सोय आहे? तेथें दिवसभर बसणारी बाई पाणी पिण्याचेंच टाळते, म्हणजे जावें लागत नाहीं. अशा बाईस गोळी देऊन काय उपयोग?

पनवेल हें औषधांचें जुनें गांव आहे. धूतपापेश्वर औषधि कारखाना येथें १८७२ सालीं निघाला आणि येथील काढे व आसवें दूरवर गेलीं. अशा गांवांत औषधावर विश्वास असणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या वैद्यकांत त्या काढ्यांचा उगम आहे, त्याच वैद्यकानें दिनचर्येस औषधाच्या आधीं जागा दिली, ही गोष्ट आपण सोयीनें विसरलों.

आतां होमिओपॅथीकडे वळूं. ह्या पद्धतीची टवाळी करण्याचा माझा हेतु नाहीं. सॅम्युएल हानेमान ह्या जर्मन डॉक्टरानें १७९६ सालीं तिचें तत्त्व मांडलें आणि १८१० सालीं आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळीं युरोपांतील डॉक्टर रोग्याच्या शिरा तोडून रक्त काढीत, पाऱ्याचीं औषधें देत, रेचकांनीं त्यास निःसत्त्व करीत. त्या तुलनेनें हानेमानची सौम्य गोळी व पथ्य हें रोग्यावर उपकारच होते. १८६७ सालीं कलकत्त्याचे नामांकित डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनीं ही पद्धति उघडपणें स्वीकारली आणि तेव्हांपासून ती आपल्या देशांत रुजली; १९७३ सालीं तिच्यासाठीं केंद्रीय कायदाही झाला. होमिओपॅथ रोग्याजवळ बसून झोप, भूक, स्वभाव, तहान यांची सावकाश विचारपूस करतो. घाईच्या दवाखान्यांत जें मिळत नाहीं तें येथें मिळतें, आणि लोक तिकडे वळतात त्याचें हें एक खरें कारण आहे.

परंतु गोळीचा विचार गोळीच्या गुणानें केला पाहिजे. मलावरोधावर ह्या पद्धतींत नक्स व्होमिका, ब्रायोनिया, अल्युमिना, ओपियम, लायकोपोडियम हीं औषधें प्रसिद्ध आहेत. पैकीं नक्स व्होमिका म्हणजे आपल्या कोंकणच्या रानांतला काजरा, ज्याच्या बियांस बाजारांत कुचला म्हणतात. ती बी जहाल विष आहे; कोणीही ती घरीं उगाळून पाहूं नये. ओपियम म्हणजे अफू. अफूनें मलावरोध होतो हें सर्वांस ठाऊक आहे. आणि जें निरोग्यास बाधतें तेंच अतिसूक्ष्म प्रमाणांत रोग्यास बरें करतें, हें ह्या पद्धतीचें सूत्र.

हें सूक्ष्म प्रमाण किती, तें शेतकऱ्याच्या हिशेबानें पाहूं. एक भाग मूळ अर्क शंभर भागांत मिसळला कीं पहिली पायरी. त्यांतील एक भाग पुन्हां शंभरांत, ही दुसरी. सहाव्या पायरीस मूळ द्रव्य एक लाख कोटी भागांत एक भाग उरतें. कोयनेच्या शिवसागर जलाशयांत सुमारे १०५ अब्ज घनफूट, म्हणजे जवळजवळ तीन लाख कोटी लिटर पाणी मावतें. तो भरलेला असतां त्यांत तीन लिटर औषध ओतून ढवळलें तर ही सहावी पायरी होईल. बाराव्या पायरीच्या सुमारास मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची आशा संपते. आणि बाजारांत सर्रास मिळणारी गोळी तिसाव्या पायरीची असते. भातावर फवारावयाचें औषध कोणी ह्या हिशेबानें विकूं लागला तर आपण त्यास दारांत उभें करणार नाहीं. अनुयायी म्हणतात कीं, द्रव्य नसलें तरी ढवळण्यानें त्याची शक्ति राहते. ठीक, मग ती परिणामानें दिसली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनें उपलब्ध प्रयोगांची छाननी करून २०१५ सालीं असा निर्णय दिला कीं, ज्यावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरंवशाचा पुरावा आहे असा एकही विकार नाहीं. मलावरोध त्यास अपवाद नाहीं.

मग गुण आलेले लोक खोटें बोलतात काय? मुळींच नाहीं. मलावरोध हा विकार आपोआप कमीजास्त होणारा आहे. मनुष्य गोळी घेतो तो त्रास शिगेस पोहोंचल्यावर, आणि शिगेनंतर उतार पडतोच. शिवाय गोळीबरोबर पथ्य येतें: चहा कमी करा, भाजी खा, पाणी प्या, सकाळीं फिरा. गुण पथ्याचा असतो आणि श्रेय गोळीस जातें. महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत स्वतःच्या मलावरोधाची हकीकत मोकळेपणानें दिली आहे. रेचकांच्या पाशांतून सुटावें म्हणून दक्षिण आफ्रिकेंत त्यांनीं आहारांत फेरफार, कटिस्नान, पोटावर मातीची पट्टी असे उपाय करून पाहिले. त्यांतील प्रत्येक उपाय आज प्रमाण मानावा असें नाहीं; परंतु ज्याचें नांव घेण्यास आपण लाजतों, तें त्यांनीं साऱ्या जगापुढें लिहिलें. मार्च १९४६ मध्यें पुणें जिल्ह्यांतील उरुळी कांचन येथें त्यांनीं निसर्गोपचाराचें केंद्र सुरू केलें. तें पुढें चालविणारे मणिभाई देसाई यांनींच १९६७ सालीं गोवंश सुधारणेची बाएफ ही संस्था काढली. मनुष्याचा आहार आणि जनावराचा चारा हे एकाच माणसाच्या चिंतेचे विषय असूं शकतात, हें ह्या उदाहरणावरून दिसेल.

कोणी म्हणेल, गोळीनें गुण नसला तरी अपाय तरी कोठें आहे? याचें उत्तर मला माझ्याच घरांत मिळालें. माझे थोरले चुलतबंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, त्यांची जमीन गेल्यावर माडी झाली आणि कष्ट संपले. पन्नाशी उलटल्यावर त्यांस मलावरोध सुरू झाला. ओळखीच्या एका गृहस्थाकडून त्यांनीं गोळ्या आणल्या. कांहीं दिवस बरें वाटलें. पुढें मळाबरोबर रक्त दिसूं लागलें. तें मूळव्याधीचें असावें असें त्यांनीं स्वतःच ठरविलें, आणि गोळी बदलली. असें दीड वर्ष गेलें. वजन उतरलें, चेहरा पांढरा पडला, तेव्हां मुलांनीं त्यांस मुंबईस नेलें. गुदाशयांत कर्करोगाची गांठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, दादा वांचले, परंतु तेव्हांपासून मळ पोटावर लावलेल्या पिशवींत घ्यावा लागतो. एकदां गोठ्याशीं उभे असतां ते मला म्हणाले, “अरे, बैलाच्या शेणांत रक्त दिसलें असतें तर मी त्याच दिवशीं ढोरांचा डॉक्टर आणला असता.” मला यावर बोलतां आलें नाहीं. गोळीनें त्यांस विष दिलें नाहीं. गोळीनें त्यांचें दीड वर्ष नेलें.

म्हणून माझें मत असें आहे कीं, पथ्य तेवढें घ्यावें आणि गोळी ठेवून द्यावी. तें पथ्य खर्चाचें नाहीं. एका वेळच्या पांढऱ्या भाताच्या जागीं नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, अथवा हातसडीचा तांदूळ असावा. वाल, मटकी, चवळी यांपैकीं एक कडधान्य रोज असावें, आणि ऋतूची पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा, रताळें, पेरू, पपई यांपैकीं जें परसांत आहे तें असावें. हा फेरफार दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा. एकदम केल्यास पोट फुगतें, आणि मग लोक भाकरीसच दोष देतात. चोथ्यास पाणी लागतें. तहान दाबूं नये, आणि उन्हांत काम करणाऱ्यानें तहान लागण्याची वाटही पाहूं नये. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यानें पाण्याचें प्रमाण डॉक्टरास विचारून ठरवावें. रोज अर्धा-पाऊण तास चालावें. बांध ह्याच कामासाठीं आहेत. न्याहारीनंतर दहा मिनिटें शौचासाठीं राखून ठेवावीं, कुंथूं नये, आणि वर्तमानपत्र किंवा दूरध्वनि आंत नेऊं नये.

एवढ्यानें भागलें नाहीं तर इसबगोलाची भुशी एक-दोन चमचे पेलाभर पाण्यांत लगेच घ्यावी. कोरडी कधींही घेऊं नये, ती घशांत फुगून अडकते. हें गुजरात-राजस्थानांतील आपल्यासारख्याच शेतकऱ्यांचें पीक आहे, आणि त्याचा गुण प्रयोगांनीं ठरलेला आहे. एरंडेल हें जोरकस रेचक आहे. तें संवयीचें करूं नये आणि गर्भवतीस देऊं नये. सोनामुखीच्या चूर्णांविषयींही तेंच: प्रसंगीं ठीक, रोज नको. लोहाच्या गोळ्या, कांहीं आम्लनाशकें, रक्तदाबाचीं कांहीं औषधें आणि अफूच्या वर्गांतील वेदनाशामकें यांनींही मलावरोध होतो. तीं आपल्या मनानें बंद न करतां डॉक्टरास सांगावें.

आणि पुढील गोष्टी दिसल्यास कोणत्याही पद्धतीची गोळी घेत बसूं नये. मळांत रक्त किंवा मळाचा रंग डांबरासारखा काळा. कारणाशिवाय वजन उतरणें. अंगांतलें रक्त कमी होणें. पन्नाशीच्या पुढें पोटाची रीत एकाएकीं बदलून कांहीं आठवडे तशीच राहणें. अशा वेळीं त्याच आठवड्यांत डॉक्टरकडून तपासून घ्यावें. पोट फुगून वांत्या होत असतील आणि मळही नाहीं व वाराही सरत नाहीं, अशी अवस्था असेल, तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

शेवटीं आपल्या संघास दोन सूचना करून हा लेख पुरा करतों. संघाच्या सभांच्या भोजनांत पांढऱ्या भाताबरोबर नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ असावी. जें पीक आपण पिकवतों तें आपणच पंक्तींत वाढलें नाहीं तर गिऱ्हाइकानें तें कां घ्यावें? दुसरी सूचना अधिक निकडीची आहे. जेथें जेथें शेतकरी स्त्रिया माल घेऊन येतात, त्या प्रत्येक ठिकाणीं त्यांच्यासाठीं पाणी असलेला स्वच्छ शौचकूप असावा, असा ठराव संघानें करावा, आणि तो कागदावर राहूं देऊं नये. पनवेलीस नगरपालिका १८५२ सालीं आली व महानगरपालिका २०१६ सालीं झाली. इतक्या जुन्या नागरी गांवांत ही मागणी अद्याप करावी लागते, यांत भूषण नाहीं. बैलास वेळेवर वैरण, पाणी व विसांवा द्यावा हें आपण वडिलांपासून शिकलों. घरांतल्या माणसांस, आणि विशेषतः बायांस, तेवढें तरी द्यावें.